बोट चावून घेतलेली हजेरी

माझं लग्न लांबलं ते नोकरीमुळं. नोकरी नाही म्हणून लग्न लांबलेले तरुण त्या काळी भोरात आळीआळीत होते. नोकरी आहे म्हणून लांबलेला मी एकटाच. मुलीकडचे लोक यायचे, चहा घ्यायचे आणि विचारायचे, "चिरंजीव काय करतात?" आमचे वडील संस्थानच्या कचेरीत कारकून. ते म्हणायचे, "शिक्षक आहेत." पाहुणे खूश. "वा! कितवीला शिकवतात?" इथं वडिलांना खोकला यायचा. कारण मी कितवीलाच शिकवत नव्हतो. पहिलीच्याही आधीच्या वर्गाला तेव्हा बिगरी म्हणत, त्या बिगरीचा मी मास्तर होतो. म्हणजे तीन ते सहा वर्षांची पोरं. म्हणजे नाकं पुसणं, नाड्या बांधणं, रडं थांबवणं आणि दिवसातून दोनदा कुणाला तरी ओढ्यावर नेऊन धुणं. 'मुलगा पोरं सांभाळतो' ही बातमी पार कामथडीपर्यंत पोचली, आणि तिकडून येणारं एक चांगलं स्थळ वाटेतूनच मागं फिरलं.

मी ह्या धंद्यात हौसेनं शिरलो नव्हतो. मॅट्रिकच्या गणितानं मला दोनदा घरी पाठवलं होतं. त्याच सुमारास भोरातल्या चार भल्या माणसांनी एक मंडळ काढलं. डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवरच्या लहान मुलांना शाळेत घालण्याआधी शाळेची सवय लावायची, असा त्यांचा बेत. त्यासाठी पुण्याला सहा महिने शिकून येणारी एखादी बाई त्यांना हवी होती. डोंगरात एकटं राहायला एकही बाई तयार होईना, तेव्हा नाइलाजानं मला पाठवलं. पुण्याच्या त्या वर्गात सगळ्या बायका आणि मी. तिथं मुख्य दोन गोष्टी शिकवल्या. मुलाला मारायचं नाही, आणि मुलाच्या हाताला काम द्यायचं. पहिली मला ताबडतोब पटली, कारण भरपूर छड्या खाऊनच मी गणितात नापास झालो होतो. दुसरीसाठी त्यांनी एक पेटी दिली. तिच्यात लाकडाचे दट्टे होते, म्हणजे लहानमोठे गोल ठोकळे, ज्याचा त्याच्या भोकात बसवायचा. शिवाय वाळूच्या कागदाची अक्षरं, आणि बटणं लावायला शिकवणारी एक कापडी चौकट.

पहिलं वर्ष भोरातच गेलं. वकिलांची, डॉक्टरांची, कारकुनांची मुलं. एक वकीलीणबाई मला म्हणाल्या, "मास्तर, आमच्या बाळूला दोनाचा पाढा येत होता. तुमच्याकडं यायला लागल्यापासून विसरायला लागलाय." त्यांचं बरोबर होतं. बाळूला माझी गरजच नव्हती. चार वर्षांच्या त्या मुलानं घरात पुस्तकं पाहिली होती, आजोबांचा चष्मा लावून वर्तमानपत्र उलटं धरलं होतं, शेजारच्या दादाबरोबर शाळेची पायरी चढून आला होता. असं मूल पहिलीत बसतं तेव्हा त्याची निम्मी शाळा घरीच झालेली असते. डोंगरातलं मूल सातव्या वर्षी खालच्या गावात पहिलीत जातं, तेव्हा त्यानं छापलेला कागद पाहिलेला असतो तो फक्त काडेपेटीवर. मास्तर दोघांना एकच प्रश्न विचारतात, आणि एकाला हुशार ठरवतात, दुसऱ्याला दगड. हे सगळं मला तेव्हा उमगलं होतं असा आव मी आणत नाही. मला एवढंच उमगलं होतं की भोरात मुलींचे बाप मला लांबून ओळखायला लागलेत, तेव्हा आता डोंगरात गेलेलं बरं.

नसरापूरपर्यंत मोटार, विंझरपर्यंत बैलगाडी, आणि पुढं आपले पाय. पासली गावाच्याही वर, रानात, धनगरांचा एक वाडा होता. वाडा म्हणजे वस्ती. कुडाच्या भिंतींची पंधराएक घरं. म्हशी, शेळ्या, उतारावर थोडी नाचणी, आणि विकायला तूप. शाळेसाठी त्यांनी मला शेळ्यांचं एक रिकामं खोपट दिलं. त्यातला लेंड्यांचा वास महिन्याभरानं गेला, की मलाच तो यायचा थांबला, कोण जाणे.

वाड्यात शब्द चालायचा तो हिराईचा. ही साठीची बाई. नवरा नव्हता, पण दांडगी म्हैस तिच्या नुसत्या हाकेला उभी राहायची. पहिल्याच दिवशी तिनं माझी मुलाखत घेतली.

"मास्तर, तुमास्नी लेकरं किती?"

"अजून लग्न व्हायचंय."

"मंग लेकरांचं तुमास्नी काय ठावं?"

मी पुण्याचं प्रमाणपत्र काढून दाखवलं. हिराईनं त्यावरचा शिक्का नीट पाहिला आणि विचारलं, "लेकरू रडाय लागलं म्हंजी ह्यो कागद दावायचा व्हय त्येला?"

पेटीची अवस्था आठवड्याभरात काय झाली तेही सांगून टाकतो. बटणांच्या चौकटीचा उपयोग होईना, कारण आख्ख्या वाड्यात बटणं होती ती फक्त माझ्या सदऱ्याला. पोरांनी रांग लावून माझाच सदरा उघडला आणि लावला, असं चार दिवस चाललं. शेवटी मी चौकट गुंडाळून शेळ्यांच्या दाव्याच्या गाठी मारायला सांगितल्या, तर माझी गाठ सुटायची आणि चार वर्षांच्या पोराची सुटायची नाही. दट्ट्यांपैकी सगळ्यांत जाडा दट्टा एके दिवशी नाहीसा झाला. तो सापडला हिराईच्या तुपाच्या मडक्याच्या तोंडात, आणि इतका चपखल बसला होता की काढून मागायला माझी जीभ रेटेना. पुण्याला मी लिहून कळवलं, 'मुले साहित्याचा उपयोग व्यवहारात करू लागली आहेत.'

ह्या हिराईची नात ठकी. वय सात. तिच्या डाव्या कडेवर कायम तिचा भाऊ बिरू. बिरू तीन वर्षांचा होता, चांगला चालायचा, पण खाली ठेवला की म्हशींच्या पायांत जायचा. आई दिवसभर रानात किंवा तूप घेऊन बाजाराला, त्यामुळं बिरूची जागा ठकीच्या कडेवर. ठकीला खालच्या गावच्या शाळेत पहिलीत बसायचं होतं. का, ते तिला सांगता येत नव्हतं. पण होतं खरं. आदल्या वर्षी ती बिरूला घेऊन एकटी डोंगर उतरून गेली होती. तिथल्या मास्तरांनी तिला दारातूनच परत पाठवलं. शाळेत कडेवर पोर आणायचं नाही म्हणाले. (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मास्तरांची नातवंडं हा अंक वाचतात.) तेव्हा आता सगळा हिशेब असा: बिरू माझ्या बिगरीत रमला, तर जूनमध्ये ठकी रिकाम्या कडेनं पहिलीत जाणार. बिगरी काढायची ती धाकट्यांसाठी, पण तिच्यावर शिक्षण अडलेलं असतं मोठ्या बहिणीचं, हे मला पुण्यात कुणी सांगितलं नव्हतं. जून येईपर्यंत ठकीही माझ्याच खोपटात बसायची, पटावर नाव नसताना.

आता हजेरी. शाळा म्हटलं की हजेरी आली. पहिल्या दिवशी मी दारात उभा राहिलो, एकेका पोराकडं बोट केलं आणि मोठ्यांदा मोजलं, एक, दोन, तीन, थेट चौदापर्यंत. मला वाटलं, कानावर आकडे पडतील. दुसऱ्या दिवशी चार पोरं आली. तिसऱ्या दिवशी बिरू आणि ठकी, आणि मागून कमरेवर हात ठेवून हिराई.

"मास्तर, तुमी लेकरं मोजली?"

"हो. म्हणजे, हजेरी—"

"आवं, आमी शेरडंबी कदी मोजत न्हाई, अन् तुमी बोट करून लेकरं मोजली? काकडीच्या कळीला बोट दावलं तर ती सडतीया, ठावं न्हाई का? ही तर मानसाची कळी."

मी माफी मागितली. पण माफीवर भागण्यासारखं ते नव्हतं. बोट दाखवलं तर तेच बोट चावायचं, हा त्यावरचा उतारा. हिराईनं सगळी पोरं बोलावून आणली आणि एकेकाला माझ्यापुढं उभं केलं. एक पोर, एक चावा. मी आपला दाताला नुसतं बोट लावत होतो. "दात लागू द्या!" हिराई ओरडली. चौदा चावे झाल्यावर पोरं पुन्हा यायला लागली. उजव्या हाताचं ते बोट घेऊन मी दोन दिवस भाकरी डाव्या हातानं मोडत होतो.

तरीही हजेरी मांडायची होतीच, कारण मंडळाला वरून मिळणारी मदत तिच्यावर होती. ठकीनं तोड काढली. ती बिरूला घेऊन दारात उभी राहिली, आत एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, "कोंडी न्हाई आली. तिला डोळं आल्यात. बाकी समदी हायती." मी चकित झालो. एवढ्या वेळात मला तीन पोरंसुद्धा मोजता आली नसती. ठकीला त्यात काही विशेष वाटेना. संध्याकाळी कळप परत आला की धनगर हेच करतो. किती आल्या ते बघत नाही, कोण आली नाही ते बघतो. त्या दिवसापासून मी न आलेल्यांची नावं लिहायची आणि बाकीच्यांची हजेरी भरायची अशी पद्धत पाडली. ती एकदाही चुकली नाही. मी मोजली असती तर चुकली असती. मॅट्रिकचे परीक्षक साक्षीला आहेत.

होळी झाली, उन्हं तापली आणि खालून चिठ्ठी आली. तपासणीसाहेब येणार. वर्गात प्रत्यक्ष पंधरा मुलं दिसली तर वर्ग पुढं चालू, नाही तर बंद. माझ्या पटावर तोवर सोळा झाली होती. मी निर्धास्त होतो. ठकीनं विचारलं, "मास्तर, बंद म्हंजी?" मी म्हटलं, "बंद नाही होत गं, सोळा आहेत आपण." ती माझ्याकडं बघतच राहिली, कारण मी मोजलं होतं.

साहेब भर उन्हात डोंगर चढून आले. देह मोठा, त्यावर कोट, डोक्यावर उन्हाची टोपी. बरोबर कारकून आणि वाट दाखवायला गावचा एक माणूस. येऊन टेकले, दोन तांबे पाणी प्याले आणि म्हणाले, "चला, मुलं मोजू."

मी हळूच म्हणालो, "साहेब, इथं बोट करून मोजत नाहीत. लोकांना खपत नाही. नावं विचारा, मी हाका मारतो."

"मास्तर, तुम्ही ह्यांना सुधारायला आलात, की हे तुम्हाला?" साहेब म्हणाले. आणि बोट वर केलं.

पुढचं सगळं इतक्या झटपट झालं की मला नीट सांगताही येत नाही. भिंतीशी उभ्या असलेल्या आया "अगं बया!" म्हणून आत घुसल्या. साहेबांचं बोट ज्या पोराकडं वळे ते पोर पदराखाली जाई. साहेब सातापर्यंत आले की पहिली तीन कुडाच्या फटीतून बाहेर गेलेली असत. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला बारा भरली, त्यात दोन पोरं दोनदा आली होती, कारण त्यांना हा खेळ आवडला होता. तिसऱ्या खेपेला हिराईनं शांतपणे एक करडू आणून ओळीत बसवलं. नजर लागायची ती आकड्याला. आकडाच खोटा पाडला की नजर वाया गेली, असा तिचा हिशेब.

"नऊ," कारकून म्हणाला.

"त्यात एक करडू आहे," साहेब म्हणाले. घामानं त्यांचा कोट भिजला होता. "पटावर सोळा, जागेवर आठ. मास्तर, ही खोटी हजेरी आहे. वर्ग बंद करा असं लिहिणं मला भाग आहे."

ठकी कोपऱ्यात उभी होती. बिरू खाली वाळूत अक्षरावरून बोट फिरवत बसला होता. तिनं वाकून त्याला उचललं आणि कडेवर घेतलं. हुकूम अजून लिहिला गेला नव्हता, तिनं तो बजावूनही टाकला. त्या क्षणी मला साहेबांचा जेवढा राग आला तेवढा स्वतःचा आला, कारण सोळा आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं आणि ते दाखवता येत नव्हतं.

कडेवर पोर सावरत ठकी साहेबांच्या पुढं आली. "सायेब, तुमचा तांबड्या पटक्याचा मानूस न्हाई आला."

"कोण माणूस?"

"खिंडीतनं वर येताना व्हता की. म्या बगितला. डोईवर डबा व्हता."

साहेबांनी कारकुनाकडं पाहिलं, कारकुनानं वाटाड्याकडं. "शिपाई कुठाय?" कुणालाच माहीत नाही. निघताना आपण तिघं होतो की चौघं, ह्यावर साहेब आणि कारकून ह्यांच्यात तिथंच मतभेद झाला. खोपटाबाहेर आया आणि पोरं कान देऊन ऐकत होती. सगळ्यांत वाईट म्हणजे डब्यात साहेबांचं जेवण होतं. दोन बाया शिपायाला शोधायला रानात गेल्या, आणि दुपार टळून चालली.

भूक लागलेला साहेब आणि न लागलेला साहेब ही दोन वेगवेगळी माणसं असतात, हे मी पुढं तीस वर्षांच्या नोकरीत पुष्कळदा पाहिलं. शेजारच्या घरातून चुलीवरच्या नाचणीच्या भाकरीचा वास आला. मग कढवलेल्या तुपाचा आला. साहेब दोनदा उठले, दोनदा बसले.

हिराई दारात आली. "भाकर तयार हाय, सायेब. खावा. पर आदी बोट चावा."

"काय करा?"

"तुमी लेकरांस्नी बोट दावलं. आमच्या मास्तरांनीबी दावलं व्हतं. त्येंनी चावलं, तवा पोरं ऱ्हायली. न्हाई चावलं तर माज्या हातची भाकर तुमास्नी न्हाई."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी नम्रपणे माझं बोट दाखवलं.

मग आयांनी आपापली पोरं आपणहून आणली, कारण उतारा तर प्रत्येकाला मिळायला हवा. पदराखालून, कुडामागून, म्हशीच्या गव्हाणीतून पोरं निघाली. एकेक पोर साहेबांपुढं उभं राहिलं आणि साहेबांनी एकेक चावा घेतला. "दात लागू द्या!" असं दर खेपेला पोरंच ओरडायला लागली. तो कारकून मोठा चतुर. (त्याचं नाव मला आठवत नाही ह्याचं वाईट वाटतं.) तो मागं उभा राहून चाव्यागणिक वहीत एक रेघ ओढत होता. शेवटी हिराईनं ठकीलाही पुढं केलं, आणि तो चावा झाल्यावर कारकून साहेबांच्या कानाशी म्हणाला, "साहेब, सतरा."

साहेबांचे डोळे बारीक झाले. "पटावर सोळा ना? आता एक जास्त?"

"सतरावी ही मोठी मुलगी, साहेब," मी म्हणालो. "ती पटावर नाही. तिला पहिलीत जायचंय." आणि मग सगळं सांगितलं, बिरू, खालची शाळा, दारातून परत पाठवणं. साहेब तूप-भाकरी खात ऐकत होते. तिसऱ्या भाकरीला त्यांनी कारकुनाकडून कागद घेतला आणि डाव्या हातानं, कारण उजवं बोट सुजलं होतं, खालच्या मास्तरांना दोन ओळी लिहिल्या. वाकड्यातिकड्या, पण सही होती. शिपाई सापडला तो चुकीच्या वाटेवर एका झाडाखाली. डबा हलका करून झोपला होता. तपासणीचा शेरा मला पुढं वाचायला मिळाला: 'उपस्थिती समाधानकारक. मोजणीची पद्धत स्थानिक.'

वर्ग त्यानंतर चार वर्षं चालला. सगळं गोडच झालं असं नाही. कोंडीचे आईबाप म्हशी घेऊन कोकणाकडं उतरले ते परत आलेच नाहीत. ती माझ्याकडं सगळ्यांत चांगली गाणी म्हणायची, आणि तिला मी पहिलीच्या दारापर्यंत पोचवू शकलो नाही, ह्याची खंत मला आजही आहे. दुसरी खंत माझ्या वडिलांची. मी काय काम करतो हे ते शेवटपर्यंत पाहुण्यांना खोकल्याशिवाय सांगू शकले नाहीत.

त्या वर्षी जूनमध्ये वाड्यातली चार पोरं खाली पहिलीत गेली. महिन्याभरानं एका शनिवारी मीही गेलो. मला पाहताच तिथले मास्तर चिडून बाहेर आले.

"बिगरीमास्तर, काय शिकवलंत हो तुम्ही ह्यांना? डोंगरातली पोरं आजवर दाराशी बसत आली. ही आली ती थेट पुढं जाऊन बसली. पाटलाच्या नातवाला मागं सरकावं लागलं. कुणी कुठं बसायचं तेवढं तरी शिकवायचं होतं!"

"ते राहून गेलं," मी म्हणालो.

मी खिडकीतून आत पाहिलं. ठकी पहिल्या ओळीत होती. मांडीवर पाटी, हातात पेन्सिल, आणि लिहिताना अंग उजवीकडं कललेलं, डावी कड बाहेर काढलेली, जसा काही बिरू अजून तिथंच बसलाय. तिला ते ठाऊकही नव्हतं. मास्तर रोज ओरडायचे, "ठके, सरळ बस!" आणि ती क्षणभर सरळ व्हायची, मग पुन्हा कलायची. तिला सरळ बसायची सवय व्हायला दिवाळी उजाडली.